राणीच्या बागेत अकरा मिनिटं

गेले पंधरा दिवस हे लिहू की नको असं चाललं होतं. लिहिलं तर नातेवाइकांत चर्चा होणार, "अगं, आम्हाला काही बोलली नाहीस!" म्हणून फोन येणार. न लिहावं तर एवढं मोठं झालेलं मनातच राहणार. शेवटी आमच्या मोठ्या नातीने निकाल दिला. "आजी, तू लोणच्यावर लिहितेस, गुडघ्यावर लिहितेस, मग हे का नाही?" आता बोला!

नातवंडं दोन. मोठी साडेआठ वर्षांची, धाकटा सहाला टेकलेला. त्यांची नावं मी इथे कधीच लिहीत नाही, सूनबाईंनी घातलेला नियम आहे आणि तो मला पटलेला आहे. तेव्हा मोठी आणि धाकटा एवढ्यावरच भागवून घ्या.

विषय आहे उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन बाहेर जाण्याचा. साधा विषय. आमच्या वेळी यावर कुणी मत मांडलं नसतं, कारण त्यात मत असण्यासारखं काही नव्हतं. आजी देवळात निघाली की नातवंडं शेपटासारखी मागे. हल्ली मात्र मी आजूबाजूला बघते तेव्हा एक गोष्ट दिसते. आमच्या वयाच्या लोकांकडे मुलं सांभाळायला देतात, न्यायला देत नाहीत. रोज सहा-सात तास मुलं आमच्याकडे असतात. जेवण, दूध, गृहपाठ, भांडणं, पडलेले दात, सगळं आमच्या हवाली. त्याबद्दल कुणाला शंका नाही. पण आजी म्हणाली, उद्या दोघांना घेऊन लोकलने जाऊन येते, की घरातली सगळी एकदम वर बघतात. "कशाला दगदग?" "रविवारी गाडीने जाऊ ना सगळे." आणि तो रविवार काही उगवत नाही.

सांभाळणं म्हणजे मुलाला आहे तिथे ठेवणं. नेणं म्हणजे त्याला जगात घेऊन जाणं. माझ्या मते आजी-आजोबांचं खरं काम दुसरं आहे. पहिलं काम पाळणाघरही करू शकतं, आणि आमच्यापेक्षा जास्त शिस्तीत करतं.

आता कुणी म्हणेल, न्यायचं तर मॉलमध्ये न्या, थंडगार असतं. नेलं होतं की. गेल्या वर्षी जवळच्या एका मॉलमध्ये खेळायच्या जागी नेलं. मुलांच्या मनगटाला पट्टा बांधला, दोन तासांचे पैसे घेतले आणि मला बाहेर एका खुर्चीवर बसवलं. समोर काच. काचेपलीकडे माझी नातवंडं रंगीत चेंडूंच्या हौदात. खोटं कशाला बोलू, मुलांना मजा आली. पण त्या दोन तासांत मी त्यांची आजी नव्हते, चपला सांभाळणारी बाई होते. परतताना काय पाहिलंत म्हणून विचारलं तर दोघांना सांगण्यासारखं काही नव्हतं. घामेजलेली होती, एवढंच.

म्हणून यंदा मी हट्टाने राणीची बाग ठरवली. एप्रिलपासून घरात भुणभुण लावली होती. आमचे 'हे' गुडघ्यामुळे येणार नव्हते, मुलगा-सून कचेरीत. "मे महिन्यात भर उन्हात जायचं आणि तेही तू एकटी?" असं ह्यांनी दोनदा विचारलं. मी नेहमीचं हत्यार काढलं. "छत्तीस वर्षं शिकवलंय. साठ-साठ मुलांना सहलीला नेलंय. एक मूल हरवलं नाही."

ते खरंच होतं. चौथीची सहल राणीच्या बागेला न्यायची हा आमच्या शाळेचा शिरस्ता. शिट्टी गळ्यात, मुलं जोडीजोडीने हात धरून, पुढे एक बाई, मागे एक बाई. गेटवर मोजायची, पिंजऱ्यापाशी मोजायची, पाणी पिऊन झालं की मोजायची. तेव्हा तिथे हत्तीवरून फिरवून आणायचे. हत्तीवर चढताना मोजायची आणि उतरल्यावर पुन्हा. एकदा मोजणीत एकसष्ट भरली. दुसऱ्याच शाळेचा एक मुलगा आमच्या रांगेत उभा राहिला होता, कारण आमच्याकडे लाडू वाटत होते! अशी माझी ख्याती. मग दोन नातवंडं म्हणजे काय?

डोंबिवलीहून आम्ही अकराच्या सुमारास निघालो, गर्दी ओसरल्यावर. पाच वर्षं पूर्ण झाली की अर्धं तिकीट लागतं हे धाकट्याला कळलं तेव्हा तो फार खूष झाला. "म्हणजे मी अर्धा माणूस आहे!" खिडकीवर त्याने स्वतःचं तिकीट स्वतः मागितलं. आतल्या गृहस्थांना त्याचं डोकं दिसेना, नुसता आवाज येत होता.

मुद्दाम धीमी गाडी घेतली. जलद गाडीने लवकर पोचलो असतो, पण लवकर पोचून करायचं काय होतं? धीम्या गाडीत सगळी स्टेशनं वाचता येतात. मोठी इंग्रजी शाळेत आहे, मराठी वाचते पण 'ळ'पाशी अडखळते. मी खेळ लावला. डोंबिवली ते भायखळा, स्टेशनांच्या नावात किती 'ळ' येतात? कळवा पहिला. मग बराच वेळ काही नाही, मुलुंड, नाहूर, भांडुप सगळी कोरडी गेली. विक्रोळीला दोघांनी ओरडून डबा दणाणून सोडला. पुढे परळ, चिंचपोकळी आणि भायखळा. एकूण पाच. त्यातही मोठीच्या लक्षात आलं की पाटीवर देवनागरीत नाव दोनदा लिहिलेलं असतं, एकदा ळ घालून आणि एकदा ल. मराठी आणि हिंदी, मी म्हटलं. शीव स्टेशनावर तर एकीकडे शीव आणि दुसरीकडे सायन. "मग उतरणाऱ्याने कुठे उतरायचं?" धाकट्याचा प्रश्न. समोरच्या बाकावरची कोळीणमावशी हसली आणि म्हणाली, "जिथं घर आसंल तिथं."

लेडीज डब्यात टिकल्या, पिना, रबरं विकणारी बाई आली. मोठीने तिच्याशी घासाघीस केली. आयुष्यात पहिल्यांदा. दहा रुपयांच्या पिनांसाठी तिने केलेलं ते भाषण मी विसरणार नाही. बाईने शेवटी एक पिन वर दिली. हे सगळं कुठल्या समर कॅम्पच्या पत्रकात मी वाचलेलं नाही.

भायखळा स्टेशनचं जुनं दगडी रूप दुरुस्त करून छान राखलं आहे. त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचं आशिया-पॅसिफिक विभागाचं वारसा-पारितोषिकही मिळालं. तिथल्या बाकावरच आम्ही डबा उघडला. दशम्या, चटणी, काकडी आणि कोकमाचं सरबत. मग टोप्या घालून, माझी छत्री उघडून, चालत बागेत.

बागेचं वर्णन फार करत नाही. मुंबईची माणसं म्हणतील आम्हाला माहीत आहे आणि बाहेरची म्हणतील एकदा बघूच. १८६२ मध्ये उघडलेली ही बाग, व्हिक्टोरिया राणीच्या नावाची म्हणून राणीची. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुलांना खरी ओढ पेंग्विनची. ते २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आणले आणि २०१७ मध्ये लोकांना बघायला खुले झाले. हे हम्बोल्ट जातीचे. पेंग्विन म्हणजे बर्फ एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण ह्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. हे मी सांगत होते आणि दोघं काचेला नाक लावून उभी होती. ऐकत नव्हती. मग मीही गप्प बसले. निवृत्त झाल्याला इतकी वर्षं झाली तरी फळ्यासमोरून हटायला जमत नाही हो!

पाणघोड्याचे फक्त कान आणि नाकपुड्या दिसल्या. धाकटा वीस मिनिटं तिथून हलेना, तो कधीतरी बाहेर येईल म्हणून. नाही आला.

मला स्वतःला दाखवायचा होता तो दगडी हत्ती. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. मग ते तुकडे ह्या बागेत आणले आणि १९१४ मध्ये जोडले. हे मी सांगितलं तेव्हा मात्र मोठी ऐकत होती. "मग आता जोडलाय तर त्याला घरी का नाही नेत?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर कळवा.

काळ्या घोड्यावरचा राजाही १९६५ पासून इथेच आहे, हे सांगायला निघाले होते, पण "आजी, बास" असा हुकूम झाला.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

अडीच वाजून गेले असतील. परतीला निघण्याआधी गोरखचिंचेचं झाड बघायला थांबलो. आफ्रिकेतलं झाड, हत्तीच्या अंगासारखं खोड. किती जणांनी हात धरले तर वेढा बसेल याचा मोठी आणि मी अंदाज करत होतो. ती माझ्या उजवीकडे, धाकटा डावीकडे. मी बोलत होते. बोलता बोलता डावीकडे हात लांबवला, तर तिथे कुणी नव्हतं.

आधी मी नुसती वळले. मग झाडाला फेरी मारली. मग त्याच्या नावाने हाक मारली. माझा आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो, पण त्या दिवशी पहिली हाक घशातूनच फुटेना. सुट्टीतली दुपार. सगळीकडे मुलं, सगळी त्याच्याच उंचीची. पाठमोरी सगळी तीच दिसतात.

एक रखवालदार दिसला, त्याला गाठलं. तो भला माणूस होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "आजी, शर्टाचा रंग कुठला?"

मला आठवेना.

सकाळी मीच त्याला कपडे घातले होते. मीच बटणं लावली होती की टी-शर्ट होता? शाळेत सगळी मुलं एकाच गणवेशात असायची, तिथे रंग लक्षात ठेवायची वेळच कधी आली नाही. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात मोठीने माझ्या पर्समधून फोन काढला, स्टेशनवर घेतलेला फोटो उघडला आणि त्याच्यासमोर धरला. "पिवळा टी-शर्ट. निळी चड्डी. नाव विचारलं तर सांगेल, पण आडनाव सांगताना लाजतो." फोनवर तेव्हा दोन एकोणचाळीस झाले होते. हे तिला आठवतं, मला नाही.

रखवालदाराने गेटवरच्या माणसाला सांगितलं. मी एका दिशेला, तो दुसऱ्या. मोठीचा हात मी इतका घट्ट धरला होता की नंतर तिच्या मनगटावर वळ दिसले. त्या वेळात डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही.

दोन पन्नासला सापडला. जेमतेम साठ-सत्तर पावलांवर, पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी, रांगेत उभा होता. पुढे कुठल्याशा क्लासची पंधरा-वीस मुलं बाटल्या भरत होती आणि हा शांतपणे आपला नंबर येण्याची वाट बघत होता. रांग मोडायची नाही, हे मीच शिकवलेलं.

मी काय केलं असेल? जवळ घेतलं असं वाटत असेल तुम्हाला. नाही. मी ओरडले. चारचौघांत, दंडाला धरून. "सांगून जायचं म्हणून शंभर वेळा सांगितलं होतं ना?"

तो रडला नाही. गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाला, "सांगितलं होतं मी. मी म्हटलं, आजी, पाणी प्यायला जाऊ? तू 'हं' म्हणालीस."

मंडळी, इथे थोडं थांबते.

माझा डावा कान गेली तीन वर्षं मंद झाला आहे. उजवा त्याहून बरा. तपासणी झाली, आलेख काढला, श्रवणयंत्र लावा असं डॉक्टरांनी लिहून दिलं. ती चिठ्ठी दोन वर्षं माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. वयाने कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, फ, त अशी अक्षरं गळतात आणि बायकांचे, मुलांचे पातळ आवाज पुसट होतात. गोंगाटात तर आणखीच. जन्मभर मुलांचे आवाज ऐकत आलेल्या बाईचे नेमके मुलांचेच आवाज आधी गेले.

यंत्र का नाही लावलं? किंमत हे एक कारण मी सांगत असे. खरं कारण ते नव्हे. चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो, कानात यंत्र घातलं की म्हातारा. बस, एवढंच. आणि त्यावर मी एक युक्ती शोधून काढली होती. ऐकू आलं नाही की 'हं' म्हणायचं. 'हं' फार सोयीचा शब्द आहे. समोरच्याला वाटतं होकार दिला. आपल्याला वाटतं संभाषण निभावलं. लग्नकार्यात, फोनवर, फाटकाशी, कुठेही चालतो. आमच्या वयाचे निम्मे लोक ह्या 'हं'वर जगत आहेत, आणि हे वाचून आता काही जण गालातल्या गालात हसत असतील हेही मला माहीत आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला काय माहीत की आजीचं 'हं' म्हणजे होकार नसतो? त्याने नियम पाळला होता. विचारलं होतं, परवानगी मिळाली होती, रांगेतही उभा होता. त्या दुपारी एकटी मीच चुकले होते आणि ओरडाही मीच केला होता.

त्याच्यापुढची चूक तर ह्याहून मोठी. गेटबाहेर कुल्फी घेतली आणि दोघांच्या हातात देताना मी म्हटलं, "हे घरी काही सांगायचं नाही हं. आपलं तिघांचं गुपित."

मोठीची कुल्फी तोंडाशी थांबली. म्हणाली, "आजी, आमच्या शाळेत शिकवलंय. मोठ्या माणसाने काही देऊन गुपित ठेवायला सांगितलं तर ते आईबाबांना सांगायचंच."

रस्त्याच्या कडेला, एवढ्या उन्हात, अंगावरून गार काटा गेला. हल्ली शाळांतून चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवतात. त्यातच हे येतं. आमच्या काळात असलं काही शिकवत नव्हते आणि त्याची किंमत किती मुलांनी मोजली असेल याचा विचार शिक्षिका म्हणून मी अनेकदा केला आहे. आणि इथे मी, छत्तीस वर्षं मुलांच्यात काढलेली बाई, कुल्फी हातात देऊन मुलांना लपवायला शिकवत होते. माझा हेतू वाईट नव्हता हे खरं. पण मुलाला हेतू कुठे दिसतो? त्याला एवढंच कळतं की मोठ्यांनी खाऊ दिला की गप्प बसायचं. उद्या कुणी दुसऱ्याने असंच सांगितलं तर?

मी तिथेच दोघांना सांगितलं, "माझं चुकलं. गुपित वगैरे काही नाही. घरी मीच सांगणार." मोठी म्हणाली, "ओके," आणि कुल्फी खायला लागली. धाकट्याला वाईट वाटलं. त्याला गुपित आवडलं होतं.

परतीच्या गाडीत दोघं झोपली. एक मांडीवर, एक खांद्यावर. मला मुंब्र्याचा डोंगर दिसेपर्यंत काय आणि कसं सांगायचं ते जुळवता येत नव्हतं.

रात्री जेवणाआधीच सांगितलं. सगळं. 'हं'सुद्धा. मुलगा ताडकन उठला. "आई, म्हणूनच मी नको म्हणत होतो!" असं आणि आणखी पुष्कळ. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. 'हे' काही बोलले नाहीत. माझं मौन ठाऊक असलेला माणूस माझ्या बोलण्याने घाबरला असावा. सूनबाई मात्र बराच वेळ ताटातल्या भाताकडे बघत होती. मग तिने एकच विचारलं, "आई, ती डॉक्टरांची चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे ना?"

तिला माहीत होतं! दोन वर्षं माहीत होतं, आणि माझा मान ठेवायचा म्हणून ती बोलली नव्हती. यावरही माझं एक मत आहे. म्हाताऱ्या माणसाचा असा मान ठेवू नये. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?" दोन्ही अर्थांनी नाही, हे आम्हा दोघींना कळलं आणि त्या रात्री पहिल्यांदा घरात कुणी हसलं.

मुलाचं म्हणणं होतं, आता आईने मुलांना एकटीने बाहेर नेणं बंद. मी विरोध केला. चूक करून वर विरोध करते म्हणून तो आणखी चिडला, पण मी माझं सोडलं नाही. आजही सोडत नाही. जे घडलं ते मी बाहेर नेलं म्हणून घडलं नाही. ते मी माझ्या कानाबद्दल खोटं वागत होते म्हणून घडलं. हीच आजी हाच कान घेऊन रोज सात तास घरात ह्याच मुलांबरोबर असते. गॅस चालू असतो, बादलीत गरम पाणी असतं, बाल्कनी असते. तिथे किती वेळा 'हं' म्हटलं असेन याचा हिशेब कुणी केला? बाहेर नेणं बंद केलं तर धोका फक्त नजरेआड जाईल. तेव्हा बंदी नको, अटी घाला, असं मी म्हटलं.

आमच्या पिढीतल्या माझ्या मैत्रिणी ह्या जागी दोन प्रकारे वागताना दिसतात. काही जणी रागावून म्हणतात, "आम्ही तुम्हाला वाढवलं, आता आम्हाला शिकवता?" आणि काही जणी एकदम शस्त्रं टाकतात, "नको बाई, आता आमच्याच्याने होत नाही," आणि टीव्हीसमोर बसतात. मला दोन्ही पटत नाहीत. साठ मुलं सांभाळली ती चाळिशीतल्या बाईने, शिट्टी घेऊन, आणखी एका बाईच्या सोबतीने. पंचाहत्तरीला आलेल्या बाईने त्या पुण्याईवर दोन मुलं नेणं हा निव्वळ अहंकार होता. पण दोन नेता येत नाहीत म्हणून एकही न्यायचं नाही, हे कसलं गणित?

तर वाटाघाटी होऊन ठरलं ते असं. एका वेळी एकच नातवंड. भर दुपारी नाही, सकाळी लवकर. निघताना फोटो काढायचा, म्हणजे कपड्यांचा रंग फोनमध्ये. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. कुठे जायचं असेल तर मुलाने नुसतं सांगायचं नाही, माझा हात ओढून माझ्या तोंडाकडे बघून सांगायचं, आणि मी 'हं' न म्हणता 'जा' किंवा 'नको' म्हणायचं. ही शेवटची अट मोठीने घातली. मुलाला आणखी एक हवी होती, फोनवरून मी कुठे आहे ते त्याला सतत दिसावं अशी. दोन दिवस मी तयार नव्हते. मग म्हटलं, दिसू दे. पण दर दहा मिनिटांनी फोन करायचा नाही.

श्रवणयंत्रं आठ दिवसांपूर्वी आली, दोन्ही कानांसाठी. सध्या सवय करते आहे. कागदाचा एवढा आवाज होतो हे मी विसरले होते. ह्यांच्या वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकायला होतं. स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो. भांड्यांचा आवाज तर असह्य, तेवढ्यापुरती काढून ठेवते, कानातज्ज्ञांनी सांगितलं आहे तरी. पण परवा स्वयंपाकघरात होते आणि बाहेरच्या खोलीत धाकटा मोठीला हळूच विचारत होता, "आजी आता म्हातारी झाली का?" मोठी म्हणाली, "नाही रे, आता तिला ऐकू येतं."

धाकटा रोज परीक्षा घेतो. डावीकडे उभा राहतो, तोंडावर हात धरतो आणि पुटपुटतो. बहुतेक वेळा शब्द 'कुल्फी' हाच असतो. पुढच्या मंगळवारी त्याची पाळी आहे. पाणघोडा पूर्ण बाहेर आलेला बघायचाच असं त्याने ठरवलं आहे, आणि बुधवारी बाग बंद असते म्हणून मंगळवारच. दशम्या नकोत म्हणाला, बटाट्याची भाजी हवी. सकाळी साडेसातची गाडी पकडायची तर गर्दी असेल, म्हणून सूनबाई दादरपर्यंत आमच्याबरोबर त्याच डब्यातून येणार आहे. पुढे आम्ही दोघं.